पेंगबा जगला, त्याची वाट अडली: लोकटाक सरोवरातल्या एका माशाचं प्रकरण

मणिपूरचा राज्यमासा पेंगबा आज ओडिशातल्या मत्स्यतळ्यांत वाढतो, पश्चिम बंगालच्या तळ्यांतही वाढतो. ज्या लोकटाक सरोवरामुळे त्याचा नावलौकिक झाला, तिथे मात्र नदीतून त्याचं आपणहून येणं चार दशकांपूर्वी तुटलं. सरकारी कार्यक्रमांत त्याची गणना यशस्वी संवर्धनात होते. मला हे यश अर्धंच वाटतं, आणि उरलेलं अर्धं त्यामुळे नजरेआड होतं हे जास्त खुपतं. मत्स्यबीज, म्हणजे तळ्यात सोडायची पिल्लं, तयार झालं की मासा वाचला, असं आपण गृहीत धरत आलो आहोत. पेंगबाच्या बाबतीत हे गृहीतक कुठे लंगडं पडतं, ते इथे नीट मांडायचं आहे.

मासा आणि त्याचा रस्ता

पेंगबाचं शास्त्रीय नाव ऑस्टिओब्रामा बेलँगेरी. फ्रेंच शास्त्रज्ञ व्हॅलेन्सिएन्स यांनी १८४४ मध्ये त्याचं वर्णन केलं. रोहू-कटला ज्या कार्प कुळातले, त्याच कुळातला हा मासा, पण अंगलट वेगळी. शरीर दोन्ही बाजूंनी दाबल्यासारखं चपटं आणि उंच, रंग चंदेरी, पोटाची कड धारेवर आलेली. पाठीवरच्या पराचा कणखर काटा मागच्या कडेने दातेरी असतो, त्यामुळे मासा जाळ्यात गुंतला की सोडवताना बोटं सांभाळावी लागतात. महाराष्ट्रातल्या वाचकाला हा वंश अगदीच परका नाही. आपल्या भीमा-कृष्णेच्या खोऱ्यात याच वंशातला ऑस्टिओब्रामा विगोर्साय सापडतो, ज्याचं वर्णन कर्नल सायक्स यांनी १८३९ मध्ये केलं होतं.

पिल्लू असताना पेंगबा पाण्यातले सूक्ष्मजीव खातो आणि मोठा झाला की पाणवनस्पतींवर जगतो. गवताळ, उथळ, पावसाळ्यात पसरणारं पाणी ही त्याची चराई. मणिपूरच्या खोऱ्यात असं पाणी भरपूर होतं. एकटं लोकटाकच नव्हे, तर पुमलेन, इकोप, खारुंग अशी लहान-मोठी सरोवरं आणि त्यांच्यामध्ये दरवर्षी बुडणारी, दरवर्षी मोकळी होणारी शेतं.

मणिपुरी घरांत या माशाला मान आहे. साधारण आपल्या भाऊबिजेच्या सुमारास तिथे निंगोल चाकोउबा येतो. लग्न झालेल्या लेकी त्या दिवशी माहेरी जेवायला येतात आणि ताटात मासा लागतोच. सणाआधी इंफाळमध्ये माशांचा बाजार भरतो आणि पेंगबाला चढा भाव मिळतो. एखाद्या प्रजातीची हळहळ वाटायला समाजाकडे कारण असावं लागतं. पेंगबाच्या बाबतीत ते कारण शतकानुशतकं स्वयंपाकघरातच होतं.

आता रस्त्याकडे येऊ, कारण प्रकरणाची मेख तिथेच आहे. ईशान्य भारत म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे ब्रह्मपुत्रा येते. मणिपूरच्या मधल्या खोऱ्याचं पाणी मात्र ब्रह्मपुत्रेला जात नाही. ते मणिपूर नदीतून दक्षिणेला डोंगर फोडून म्यानमारमध्ये उतरतं, तिथे म्यिता नदीला मिळतं, कलेवाजवळ चिंदविनमध्ये जातं आणि पुढे इरावतीतून समुद्राला पोचतं. त्यामुळे लोकटाकच्या माशांचं गोत्र इरावतीचं आहे. सुंदरलाल होरा यांनी मणिपूरच्या माशांवरचं काम १९२१ मध्ये प्रसिद्ध केलं, तेव्हापासून या खोऱ्याचं हे वेगळेपण अभ्यासकांना माहीत आहे.

कोकणात पहिल्या पावसाला ओढ्या-व्हाळांतून चढणीचे मासे वर येतात, तसाच पेंगबा चिंदविनच्या बाजूने पुराच्या पाण्याबरोबर वर यायचा. मणिपूर नदीतून खोरदाक आणि उंगामेल या चॅनेलांवाटे तो सरोवरात शिरायचा. पावसाळ्यात ही चॅनेलं नदीचं पाणी सरोवरात आणत आणि पूर ओसरला की सरोवराचं पाणी परत नदीला देत. म्हणजे येण्या-जाण्याचा रस्ता एकच होता आणि त्याची दिशा ऋतू ठरवायचा. अशा माशाला नुसतं सरोवर पुरत नाही. सरोवर, नदी आणि त्या दोहोंमधलं ठरल्या वेळी वाहणारं पाणी, हे तिन्ही एकत्र असेल तरच त्याचं वर्षाचं चक्र पुरं होतं.

१९८३

लोकटाक जलविद्युत प्रकल्प १९८३ मध्ये सुरू झाला. प्रत्येकी ३५ मेगावॉटची तीन जनित्रं, एकूण क्षमता १०५ मेगावॉट. वीज करायची तर पाणी वर्षभर हवं, म्हणून मणिपूर नदीवर इथाई इथे बॅरेज, म्हणजे उघडझाप करता येणाऱ्या दरवाज्यांचा बंधारा, बांधला गेला. बॅरेजने अडवलेलं पाणी मागे सरकून सरोवरात भरतं आणि पातळी समुद्रसपाटीपासून सुमारे ७६८.५ मीटरच्या आसपास राखली जाते. तिथून पाणी बोगद्याने पश्चिमेला वळवून लैमताक नदीत सोडलं जातं.

लैमताक बराकच्या खोऱ्यातली नदी आहे आणि बराकचं पाणी बांगलादेशात मेघनेला जातं. म्हणजे जे पाणी हजारो वर्षं इरावतीला जात होतं, त्यातलं बरंचसं आता दुसऱ्याच खोऱ्यात जातं. इथाईच्या खाली नदीला राहतं ते उरलेलं. पेंगबाचा विचार केला तर त्याच्यावर दोन बाजूंनी घाव पडला. वर चढायच्या रस्त्यात लोखंडी दरवाजे आले, आणि ‘पाऊस आला, वर चला’ असं सांगणारा पुराचा लोंढाही खालच्या नदीत पूर्वीच्या वेळी, पूर्वीच्या जोराने येईनासा झाला.

बॅरेजचे दरवाजे कायम बंद असतात असंही नाही. मोठा पाऊस झाला, इंफाळचं खोरं तुंबायला लागलं की ते उचलावे लागतात. मग मासे तेव्हा का येत नाहीत? कारण दरवाजा थोडा वर उचलला की खालच्या फटीतून पाणी प्रचंड वेगाने सुटतं. या झोताविरुद्ध मध्यम आकाराचा कार्प पोहून जाऊ शकत नाही. शिवाय दरवाजे उघडायची वेळ पुराच्या धोक्यावरून ठरते, माशाच्या विणीवरून ठरत नाही. पूर्वी नदी आणि सरोवर एका पातळीवर येऊन पाणी संथपणे आत शिरायचं आणि मासा त्याच्याबरोबर यायचा. तो संथ काळच आता उरलेला नाही.

परिणाम दिसायला फार वर्षं लागली नाहीत. पेंगबा जाळ्यांतून गेला. त्याच्याबरोबर खाबाक, सारेंग अशा वर चढून येणाऱ्या इतर माशांची आवकही रोडावली. १९९०च्या दशकाच्या अखेरीस भारतातल्या गोड्या पाण्याच्या माशांचं जे राष्ट्रीय पातळीवरचं मूल्यांकन झालं, त्यात पेंगबाची नोंद ‘नैसर्गिक अधिवासातून नामशेष’ अशी झाली. पुढे २०१० मध्ये धोक्यातल्या प्रजातींच्या जागतिक लाल यादीने त्याला ‘संकटसमीप’ या बऱ्याच सौम्य वर्गात ठेवलं. या दोन नोंदी एकमेकींशी भांडत नाहीत. जागतिक यादी प्रजातीचा सगळा प्रदेश धरते, त्यात म्यानमार येतो. भारतातल्या स्थितीबद्दल बोलताना मात्र ‘संकटसमीपच तर आहे’ असं म्हणून सुटता येणार नाही.

सरोवर आतूनही बदललं

समजा उद्या इथाईचे सगळे दरवाजे काढून टाकले, तरी वर येणाऱ्या पेंगबाला १९८० सालचं सरोवर मिळणार नाही.

लोकटाकवर फुमदी तरंगतात. गवत, मुळं, कुजलेला पाला आणि माती यांचे हे जाडजूड थर इतके भक्कम असतात की त्यांच्यावर माणूस चालतो, झोपडी उभी राहते. आग्नेय काठाजवळच्या फुमदींवर केइबुल लामजाओ हे सुमारे ४० चौरस किलोमीटरचं राष्ट्रीय उद्यान आहे आणि संगाई हरणाचं ते शेवटचं नैसर्गिक ठिकाण आहे. फुमदीचा मोठा भाग पाण्याखाली असतो. पूर्वी कोरड्या महिन्यांत पातळी उतरायची, थर तळाला टेकायचे, वनस्पतींची मुळं चिखलातून पोषण घ्यायची आणि पावसाळ्यात सगळं पुन्हा वर यायचं. पातळी वर्षभर चढी राहिल्यावर फुमदींचं हे तळाला टेकणं थांबलं. उद्यानातल्या फुमदी पातळ होत गेल्या आणि हरणाचे पाय त्यांतून खाली जाऊ लागले. सरोवराच्या इतर भागांत मात्र तुटलेले, वाहून न जाणारे तुकडे साचत गेले. पूर्वी पुराबरोबर ते नदीत निघून जात. आता त्यांनाही बॅरेजच आडवा येतो.

माशाच्या दृष्टीने यात गेलं ते मधलं पाणी. दरवर्षी बुडणारी आणि मोकळी होणारी किनाऱ्याची जमीन कार्प कुळातल्या माशांना फार मोलाची असते. उन्हाळ्यात तिच्यावर गवत वाढतं, पावसात ती बुडते, पाणी लवकर तापतं, सूक्ष्मजीव भराभर वाढतात आणि पिल्लांना पहिले काही आठवडे तिथेच पोट भरता येतं. पातळी स्थिर झाली तशी ही जमीन एक तर कायमची पाण्याखाली गेली किंवा बांध घालून तोडली गेली. हजारो हेक्टर शेतं बुडाली, शेतकरी उघड्यावर आले. जो पट्टा गेल्याने शेतकरी बुडाला, तोच गेल्याने मासाही बुडाला. हे दुःख दोघांचं आहे, पण पाठपुरावे मात्र वेगवेगळ्या खात्यांत होत राहिले.

यात भर घालते नंबुल नदी. ती इंफाळ शहरातून, मोठ्या बाजारपेठेच्या कडेने वाहत येते आणि शहराचा कचरा, सांडपाणी, प्लास्टिक थेट लोकटाकमध्ये आणून टाकते. पश्चिमेच्या उघड्या पडलेल्या डोंगरउतारांवरून गाळ येतो. पोषकद्रव्यं वाढतात, तण माजतं, कुजतं आणि तळाजवळचा प्राणवायू खातं. १९९० मध्ये लोकटाक रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाचं पाणथळ, झालं आणि तीनच वर्षांनी, १९९३ मध्ये, धोक्यातल्या पाणथळांच्या माँत्रो नोंदवहीत गेलं.

मासे घटले तेव्हा उत्पन्न टिकवायला बाहेरून मासे आणले गेले. रोहू, कटला, मृगळ, कॉमन कार्प, ग्रास कार्प. कोळी कुटुंबांचं पोट चालायला हवं होतं, त्यामुळे या निर्णयाला मी सरसकट नावं ठेवणार नाही. पण ग्रास कार्प पाणवनस्पतीच खातो आणि कॉमन कार्प तळ ढवळून पाणी गढूळ करतो. पेंगबाची ताटातली जागा पेंगबा नसताना भरून टाकली गेली.

दोष कोणाच्या माथी

लोकटाकवर अथाफुम पद्धतीने मासेमारी होते. फुमदीचे लांब पट्टे कापून त्यांचं पाण्यावर मोठं वर्तुळ करतात. आतल्या तणाच्या आडोशाला मासे जमतात, मग बाहेरून जाळं फिरवून घेर लहान करत जातात आणि आतलं तण उपसून मासे काढतात. अशी शेकडो वर्तुळं सरोवरावर पडली, तेव्हा पाणी कोंडलं आणि लहान मासाही निसटेना, हे खरंच आहे. २००६ मध्ये लोकटाक संरक्षणाचा राज्य कायदा आला, अथाफुमवर बंदी आली. २०११ च्या नोव्हेंबरमध्ये फुमदींवरच्या शेकडो झोपड्या प्रशासनाने जाळल्या. त्या झोपड्यांत माणसं राहत होती, त्यांची जाळी आणि भांडीकुंडी तिथेच होती.

या कारवाईकडे मी क्रमाने पाहतो. पेंगबाची वाट १९८३ मध्ये बंद झाली. शेतं बुडाल्यावर अनेक शेतकरी कुटुंबं मासेमारीकडे वळली आणि सरोवरावरची गर्दी त्यामुळेही वाढली. ज्या निर्णयाने ही साखळी सुरू झाली त्याला हात न लावता तिच्या टोकाला असलेल्या माणसाचं घर जाळणं हा अन्याय होता, आणि पेंगबासाठी त्याचा उपयोगही नव्हता. बारीक जाळी आणि विणीच्या काळातली मासेमारी आवरायला हवी. ती काठावरच्या लोकांना सोबत घेऊनच आवरेल. कोणत्या आठवड्यात, कोणत्या चॅनेलच्या तोंडाशी, कोणता मासा यायचा हे आजही तिथले जुने मच्छीमार सांगू शकतात. ही माहिती नोंदवून घ्यायला उशीर होतो आहे.

बीज आलं, तेव्हा काय झालं

इथे प्रकरणाला चांगलं वळण लागतं. मणिपूरमध्ये तळ्यांतून पेंगबा टिकला होता. त्या माशांपासून कृत्रिम प्रजनन जमलं. भुवनेश्वरच्या केंद्रीय गोड्या पाण्यातील मत्स्यपालन संस्थेने प्रजनक, म्हणजे पिल्लं मिळवण्यासाठी जपलेले नर-मादी, तयार केले, बीजनिर्मितीचं तंत्र बसवलं. पद्धत इतर कार्पांसारखीच आहे. पावसाळ्याच्या तोंडावर पोटात गाभोळी भरलेल्या माद्या आणि नर निवडायचे, संप्रेरकाचं इंजेक्शन द्यायचं, वाहत्या पाण्याच्या टाकीत सोडायचं. काही तासांत अंडी पडतात. पुरामुळे मिळणारा इशारा सुईने देता येतो आणि नदी नसतानाही मासा वितो.

हे काम नसतं तर भारतात पेंगबाची फक्त आठवण राहिली असती, म्हणून ते करणाऱ्यांबद्दल मला मनापासून कृतज्ञता आहे. वनस्पती खाणारा मासा असल्याने तो रोहू-कटल्याबरोबर एकाच तळ्यात बसतो आणि शेतकऱ्याला चार पैसे देतो. अडचण सुरू होते ती हेच बीज संवर्धनाचं उत्तर म्हणून पुढे केलं जातं तेव्हा. लोकटाकमध्ये बोटुकली, म्हणजे बोटभर लांबीची पिल्लं, सोडण्याचे कार्यक्रम होतात. त्यानंतर एखाद्या जाळ्यात पेंगबा आला, तर तो नदीतून चढून आला की सोडलेल्यांपैकी आहे, हे नुसतं पाहून कोणीही सांगू शकत नाही. सोडण्याआधी पराचं एक टोक कापून खूण केली, तर हा प्रश्न फार कमी खर्चात सुटतो. ही खूण नसेल तर आपण सोडलेलेच मासे पुन्हा मोजून समाधान मानायचा धोका आहे.

दुसरी काळजी रक्ताची आहे. बीजकेंद्रातली पिढी मोजक्या प्रजनकांपासून सुरू होते. तीच तीच जोडी वापरली, सोयीचे आणि लवकर वाढणारेच मासे पुढे घेतले, तर काही पिढ्यांत तळ्याला सरावलेला मासा तयार होतो. प्रवाहाविरुद्ध शेकडो किलोमीटर चढण्याची क्षमता तळ्यात कोणी तपासत नाही, त्यामुळे ती हरवली तरी कोणाच्या लक्षात येत नाही.

तिसरी काळजी आपल्या घराजवळच्या उदाहरणाने चांगली कळते. लोणावळ्याच्या बीजकेंद्रात महासीर या नदीतल्या मोठ्या माशाच्या टोर खुद्री या प्रजातीचं बीज तयार झालं आणि उत्साहाने देशभरच्या नद्यांत सोडलं गेलं. त्यातलं कावेरीतही गेलं. कावेरीचा स्वतःचा मोठा कुबडा महासीर त्यानंतर झपाट्याने मागे पडला. २०१८ मध्ये त्याची ओळख टोर रेमादेवी अशी नक्की झाली, आणि त्याच वर्षी तो ‘अतिसंकटग्रस्त’ ठरला. एक महासीर वाचवण्याच्या धडपडीत दुसरा कड्याच्या टोकावर आला. इरावतीच्या गोत्राचा पेंगबा आज महानदी-गंगेच्या खोऱ्यांतल्या तळ्यांत आहे. तळी पुरात फुटतात आणि मासे नदीत जातात. तिथे पेंगबाच परका ठरेल, ही शक्यता बीजवाटपाच्या नियोजनात आताच धरायला हवी.

दरवाज्यांचा प्रश्न

बॅरेज काढून टाका ही मागणी मणिपूरमध्ये अनेक वर्षांची आहे. संगाईसाठी, बुडालेल्या शेतांसाठी आणि माशांसाठी ती वेळोवेळी झाली. ती चूक आहे असं मला वाटत नाही. १०५ मेगावॉट आजच्या वीजनिर्मितीत फार मोठा आकडा नाही, आणि त्या बदल्यात गेलेल्या सरोवराचा हिशेब कधी पुरा मांडलाच गेला नाही. पण बॅरेज पाडण्याचा निर्णय होईपर्यंत हातावर हात ठेवून बसायचीही गरज नाही.

पावसाच्या सुरुवातीच्या आठवड्यांत, नदीला पाणी मुबलक असताना, दरवाजे पूर्ण वर उचलून ठेवता येतील, म्हणजे खालून झोत सुटणार नाही आणि नदी तिच्या पातळीने वाहील. साठा मुख्यतः कोरड्या महिन्यांसाठी लागतो आणि तो पावसाळ्याच्या उत्तरार्धात भरता येतो, त्यामुळे या काळात विजेचं नुकसान सर्वांत कमी राहील. कोरड्या ऋतूत पातळी ठरवून काही काळ उतरू दिली, तर फुमदी तळाला टेकतील आणि किनाऱ्याचा गवताळ पट्टा काही प्रमाणात परत येईल. संगाईसाठी वन विभागाला जे हवं, तेच पेंगबासाठी मत्स्य विभागाला हवं, हे लक्षात घेऊन दोघांनी पाण्याच्या वेळापत्रकाची मागणी एकत्र केली तर तिला वजन येईल. आजवर हरणाला राष्ट्रीय उद्यान मिळालं आणि माशाला राज्यमाशाचा किताब मिळाला. किताबाने पाणी सुटत नाही.

दरवाजे उघडले तर खाली मासा उरला आहे का, हा यापुढचा प्रश्न. त्यासाठी इथाईच्या खालच्या पात्रात, सुगनूच्या बाजूला, पावसाच्या पहिल्या पाण्यात जाळी टाकून पाहायला हवं. सापडलेल्या माशांच्या परांचे तुकडे जपून, वंश पाहण्यासाठी त्यांची तुलना तळ्यातल्या माशांशी व्हायला हवी. चिंदविनच्या बाजूचे नमुने मिळाले तर बीजकेंद्रात नवं रक्त आणता येईल. हे सांगायला सोपं आहे. मे २०२३ पासूनच्या हिंसाचाराने सुगनूचा परिसर होरपळला. फेब्रुवारी २०२१ च्या लष्करी उठावानंतर म्यानमारच्या सगाईंग भागात, म्हणजे चिंदविनच्याच काठाने, लढाई चालू आहे. पेंगबाचा उरलेला रस्ता नेमका या दोन अशांत प्रदेशांतून जातो. म्हणून पहिलं पाऊल भारताच्या हद्दीत आणि बॅरेजच्या आतच टाकता येण्यासारखं आहे: सोडल्या जाणाऱ्या प्रत्येक बोटुकलीवर खूण, प्रजनकांच्या वंशाची नोंद, आणि येत्या पावसाळ्यात काही आठवडे पूर्ण उचललेले दरवाजे.